फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवताना

फिल्मचा कॅमेरा पुन्हा हाती घेणारे तरुण मला एक प्रश्न हमखास विचारतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशने चेहरा सपाट येतो, मागच्या भिंतीवर काळी सावली पडते, काय करावे? मी सांगतो, फ्लॅश खाली उतरवा आणि कुणाला तरी बाजूला, थोडा उंच धरायला द्या. नाकडोळे लगेच उठून दिसतात.

पण शटर उघडल्याचे दूरच्या फ्लॅशला कळणार कसे? जुना मार्ग वायरीचा. ती कॅमेऱ्याच्या अंगावरच्या छोट्या गोल पीसी सॉकेटमध्ये बसते. हा 'पीसी' संगणकाचा नव्हे. प्रॉन्टर आणि कॉम्पूर या जर्मन शटरांच्या नावांवरून तो आला. तिथे दोन खुणा असल्या, तर 'एक्स' निवडा. 'एम' ही खूण एकदाच पेटणाऱ्या जुन्या बल्बसाठी आहे. बल्ब पूर्ण उजळायला वेळ लागतो, म्हणून त्याला इशारा आधी मिळतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तिथे जोडला तर शटर उघडण्यापूर्वीच चमकून विझतो.

आता रेडिओ ट्रिगर मिळतात. ते हॉट शूवर किंवा पीसी वायरीने जोडता येतात. मात्र काही जुन्या फ्लॅशच्या टोकांशी दोनशेहून अधिक व्होल्ट असतात. नाजूक ट्रिगर त्याने जळू शकतो. आधी मीटरने मोजून घ्या.

शटरचा वेगही सांभाळायला हवा. पेंटॅक्स के-१००० मध्ये १/६० सेकंदापेक्षा जास्त वेग ठेवला, तर फोटोचा काही भाग काळा येतो. यशिका मॅट-१२४ जी मध्ये शटर भिंगातच असल्याने १/५०० सुद्धा चालतो.

ॲपर्चरचे गणित सोपे आहे. शंभर आयएसओला गाइड नंबर ३२ आणि अंतर ४ मीटर असेल, तर भागाकार ८, म्हणजे एफ-८. हे अंतर फ्लॅशपासून चेहऱ्यापर्यंतचे धरायचे, कॅमेऱ्यापासूनचे नव्हे.

शेवटी, फिल्म भरण्यापूर्वी एक चाचणी करा. कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडा, ॲपर्चर पूर्ण मोकळे ठेवा, पांढऱ्या भिंतीकडे रोखून मागून पाहत बटण दाबा. फ्लॅशच्या उजेडात पूर्ण चौकट लख्ख दिसली, तर जोडणी ठीक आहे. डिजिटलसारखा फोटो इथे लगेच दिसत नाही. फिल्म धुऊन येईपर्यंत अक्षता कधीच पडून गेलेल्या असतात. म्हणून ही पाच मिनिटे आदल्या रात्रीच काढावीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)