ताटातला लाल रंग अंगी कसा लागतो?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. राज्य शासनाच्या नोकरीतले, पदविकेपर्यंत शिकलेले माणूस आहोत. फळे-भाज्यांशी आमचा रोजचा संबंध, म्हणून विषयही तोच घेतला आहे.

अलीकडे आपल्या अनेक घरांतल्या औषधांच्या डब्यात एखादे लाल सिरप किंवा कॅप्सूल असते. त्यावर ठळक अक्षरांत 'लायकोपीन' लिहिलेले असते. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना प्रोस्टेटची काळजी, बाकीच्यांना अशक्तपणाची. बाटली महिन्यामागून महिना येत राहते. ही वस्तू आहे तरी काय, ते आज पाहू.

लायकोपीन म्हणजे टोमॅटोला लाल करणारे रंगद्रव्य. ते गाजरातल्या बीटा कॅरोटीनच्याच कुळातले. पण शरीरात त्यापासून 'अ' जीवनसत्त्व होत नाही. ते आपले शरीर तयार करू शकत नाही, अन्नातूनच घ्यावे लागते. १०० ग्रॅम कच्च्या टोमॅटोत ते साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम असते. कलिंगडात, म्हणजे आपल्या इथल्या तरबुजात, साडेचार आणि गुलाबी गराच्या पेरूत पाचच्या आसपास. लाल गराच्या पपईतही ते असते. आणि आपल्या ग्वाल्हेरच्या थंडीत मंडीत येणारे लांब लाल गाजर? त्याचा लाल रंगही लायकोपीनचाच. मात्र बीट, डाळिंब आणि बाप्पाचे जास्वंद यांचा लाल रंग वेगळ्या द्रव्यांचा आहे. लाल दिसले की लायकोपीन, असे नव्हे.

आपल्या हवेचाही यात वाटा आहे. तापमान ३० अंशांच्या बरेच वर राहिले की टोमॅटोत लायकोपीन नीट तयार होत नाही. म्हणून कडक उन्हाळ्यात तयार होणारा टोमॅटो पिकूनही पिवळट-केशरी राहतो आणि थंडीतला लालबुंद होतो. वर्षाची चटणी-प्युरी करायची तर ती थंडीत करावी. तेव्हा भावही उतरलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. ताटात आले म्हणजे अंगी लागले, असे होत नाही. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. शिवाय कच्च्या टोमॅटोत ते पेशींच्या आत कोंडलेले असते. शिजवल्याने, वाटल्याने पेशी फुटतात आणि ते मोकळे होते. मग ते जेवणातल्या स्निग्धात उतरते, पित्तरसामुळे त्याचे अगदी बारीक कण होतात, ते आतड्यातून शोषले जातात आणि स्निग्धाबरोबरच रक्तात पोहोचतात. तेलात तापवल्याने लायकोपीनच्या सरळ रेणूंपैकी काही वाकतात, आणि असे वाकलेले रेणू शरीर अधिक सहज घेते.

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी १९९२ साली दाखवले की तेल घालून उकळलेल्या टोमॅटोच्या रसातून रक्तातले लायकोपीन वाढते, न उकळलेल्या रसातून तितके वाढत नाही. २००४ साली अमेरिकेत कच्च्या भाज्यांची कोशिंबीर तीन प्रकारे खायला दिली. स्निग्ध नसलेल्या कोशिंबिरीतून हे रंगद्रव्य जवळजवळ शोषलेच गेले नाही. तेल असलेल्या कोशिंबिरीतून गेले.

म्हणजे आपल्या आजीच्या टोमॅटोच्या साराने सगळे साधले होते: टोमॅटो उकडणे, घोटणे आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. फक्त एक सुचवू. सालीत लायकोपीन जास्त असते, तेव्हा साल काढून टाकू नये; मिक्सरमध्ये बारीक करून तसेच वापरावे. तुपातला गाजर हलवाही याच नियमात बसतो, पण मधुमेही मंडळींनी हे वाक्य ऐकलेच नाही असे समजावे!

हृदयविकाराच्या भीतीने काही जण तेल पूर्ण बंद करून नुसत्या कच्च्या फोडी खातात. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या तेलातलेच एक लहान चमचा टोमॅटोच्या भाजीला किंवा कोशिंबिरीच्या फोडणीला द्यावे. तेवढे पुरते. पपई आणि कलिंगड यांतले लायकोपीन मात्र न शिजवताही बऱ्यापैकी शोषले जाते. ती जेवणाच्या जवळपास खाल्ली की झाले. ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियमचे बंधन आहे, त्यांनी टोमॅटो किती खावा हे डॉक्टरांना विचारावे.

मग बाटलीचे काय? २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्व पुरावा तपासला. टोमॅटो खाण्याने प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका कमी होऊ शकतो, याला 'अत्यंत मर्यादित आणि प्राथमिक' आधार आहे, असे त्यांनी म्हटले. नुसत्या लायकोपीनच्या गोळ्यांसाठी तर विश्वासार्ह पुरावाच त्यांना आढळला नाही. डॉक्टरांनी काही कारणाने लिहून दिली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका; पण जाहिरात वाचून आपणहून सुरू केली असेल, तर त्या पैशांत घरी भाजी-फळे येतील.

ज्येष्ठ पुरुष मंडळींना शेवटी एक आग्रहाची विनंती. रात्री वारंवार उठावे लागते, लघवीची धार मंदावली आहे, हे आपल्या घरांत कोणी बोलत नाही. संकोचापोटी गुपचूप लाल बाटली आणली जाते आणि तपासणी लांबते. टोमॅटो हे अन्न आहे, तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही. माता-भगिनींनो, तुम्ही सार जरूर करा, आणि घरच्या माणसाला डॉक्टरांकडेही पाठवा.

विघ्नहर्ता आपणा सर्वांना निरोगी ठेवो. गणपती बाप्पा मोरया!