जंत औषधाला दाद का देत नाहीत?



कपाशी बुडाली, ज्वारीला भाव नाही, की दारची शेळी विकून आपण वेळ भागवतो. तिच्या चौथ्या पोटात रक्त पिणारे जंत राहतात. एक मादी रोज हजारो अंडी घालते. ती लेंडीतून कुरणात पडतात. शेळीची पापणी पांढरी पडते, जबड्याखाली सूज येते, शेवटी ती दगावते.

औषध पाजूनही जंत मरत नाहीत. असे का? एकच औषध फवारत राहिले की बोंडअळी मरेनाशी होते, हे कपाशीवाल्यांना सांगायला नको. जंतांचेही तेच. औषध पचवणारे उरतात, त्यांचीच पिलावळ वाढते. थायबेंडॅझोल १९६१ साली आले. १९६४ सालीच त्याला न जुमानणारे जंत आढळले. त्यात शेळीचे शरीर औषध लवकर बाहेर टाकते, म्हणून मेंढीचा डोस तिला अपुरा पडतो.

तेव्हा आपण ठरवू. सगळ्या कळपाला सरसकट औषध नको. खालची पापणी उलटून पाहू; फिकट दिसेल तिलाच पाजू. दक्षिण आफ्रिकेत ही रीत बसवली गेली. लाल पापणीच्या शेळीतले जंत औषधाने मरणारे राहतात, त्यांच्या सरमिसळीने औषध पचवणाऱ्यांचा वंश माजत नाही. डोस पशुवैद्यकाला विचारून, वजनाप्रमाणे द्यावा. औषधाआधी आणि चौदा दिवसांनी लेंडी तपासून घ्यावी. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर ते औषध आपल्या कळपात निकामी होत चालले आहे असे समजावे.

औषधाचा पैसा घामाचा आहे. त्यावर जंत पोसायचे नाहीत!