रुळांच्या अंतरंगातील ताण

दिल्लीच्या दक्षिण भागात मुनिरका नावाचे एक जुने गाव आहे. राजधानीच्या विस्ताराने त्याला केव्हाच आपल्या पोटात घेतले. आज त्याच्या एका अंगाला भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे, तर दुसऱ्या अंगाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. २०१८ सालच्या मे महिन्यापासून येथे भुयारातून मेट्रो धावते. मुनिरक्याहून पश्चिमेकडे निघालेली गाडी वसंत विहार स्थानक सोडते आणि शंकर विहारच्या बाजूस उघड्या आकाशाखाली येते. प्रवाशाचे डोळे क्षणभर दिपतात, इतकेच. रुळाची स्थिती मात्र फार बदललेली असते. भुयारात हवामान बाराही महिने पुष्कळसे समान राहते. बाहेर ज्येष्ठातल्या दुपारी दिल्लीचे ऊन रुळाला साठ अंशांच्या पुढे तापवू शकते आणि पौषातल्या पहाटे तोच रूळ हाताला बर्फासारखा लागतो.

श्रोतेहो, धातू तापला की प्रसरण पावतो, हे आपण शाळेत शिकलो. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हापासून कितीतरी दशके रुळांच्या दोन तुकड्यांमध्ये लहानशी फट ठेवण्याची रीत होती. गाडीचा तो ओळखीचा खडखडाट म्हणजे चाकांनी त्या फटींची केलेली मोजदादच होय. आता रूळ एकमेकांस वितळवून जोडतात. प्रवास सुखाचा झाला, पण प्रसरणाला जागा उरली नाही. एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ तीस अंशांनी तापला, तर सुमारे ३५ सेंटिमीटरांनी लांबतो. जखडलेल्या रुळाला हे लांबणे शक्य नसते. ती न झालेली वाढ रुळाच्या अंगात दाब होऊन राहते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात हा दाब सुमारे ५५ टन भरतो. तो अनावर झाला म्हणजे रूळ कुशीवर वाकतो. थंडीत याच्या उलट घडते. रूळ ताणला जातो आणि जेथे जोड कच्चा असेल तेथे तुटतो.

लांबीत पडलेल्या किंवा अडवून धरलेल्या या फरकाचे मूळ लांबीशी जे प्रमाण, त्याला शास्त्रीय परिभाषेत विकृती म्हणतात. वरच्या उदाहरणात ते लक्षात अवघे साडेचौतीस भाग इतके आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. वाकण्याच्या बेतात आलेला रूळ आणि निर्धास्त रूळ पाहताना अगदी सारखेच दिसतात. म्हणूनच या मोजमापाला महत्त्व आहे.

शिवाय रूळ मार्गावर येतो तो काही कोऱ्या अंगाने येत नाही. आपल्या विदर्भाला लागूनच भिलाई आहे. तेथे १९६० पासून रूळ लाटले जातात. पोलादाचा ठोकळा सुमारे बाराशे अंशांपर्यंत तापवून लाल-पिवळा करतात आणि अजस्र रुळांच्या जोड्यांमधून काढतात. पोळी लाटताना कणीक ज्या दिशेने लाटावी त्या दिशेने पसरते, तसे पोलादाचे स्फटिककणही एका दिशेने कललेले राहतात. पुढे तो निवू लागतो. रुळाचा माथा जाड आणि तळ पातळ असल्याने दोन्ही सारख्या वेगाने निवत नाहीत आणि रूळ वाकतो. मग त्याला यंत्रात घालून सरळ करतात. दिसायला तो सरळ होतो, पण माथ्यात व तळात ओढ आणि मधल्या पट्टीत दाब असे भांडण त्याच्या पोटात उरते.

हे मोजायचे कसे? १९३८ साली अमेरिकेत चिकटवण्याजोग्या बारीक तारेचा विकृतिमापक तयार झाला. पोलाद ताणले की तार ताणली जाते आणि तिचा विद्युत्‌रोध बदलतो. साधन उत्तम खरे, पण ते चिकटवल्यानंतरचा बदल तेवढा सांगते, आधीचा सांगत नाही. रूळ कापून तो किती सरकला हे पाहिले तर आधीचेही कळते, पण त्यासाठी रूळच कापावा लागतो!

तिसरा मार्ग ध्वनीचा आहे. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. पोलाद दाबले गेले की त्या दिशेने जाणाऱ्या ध्वनीचा वेग किंचित वाढतो, ताणले गेले की किंचित घटतो. हा ध्वनी माणसाच्या कानाच्या पलीकडचा, म्हणजे श्राव्यातीत असतो. तो निर्माण करणारे साधन एरवी पाण्याचा किंवा तेलाचा थर देऊन पोलादाला टेकवावे लागते. लालबुंद पोलादाला ते कोण टेकवणार?

येथे प्रकाश मदतीस येतो. प्रकाशाच्या झोताने ध्वनी उत्पन्न होतो, हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्येच दाखवले होते. १९६० साली लेसर अवतरला आणि या जुन्या नवलाला बळ मिळाले. लेसरचा अत्यल्प काळाचा स्पंद पृष्ठभागावर पडतो. तेथला बिंदू एकाएकी तापून फुगतो आणि त्या धक्क्याने ध्वनिलहर आत शिरते. ती दुसऱ्या ठिकाणी पोहोचली की तेथला पृष्ठभाग सूक्ष्मसा थरथरतो. दुसरा लेसर आणि व्यतिकरणमापक ती थरथर टिपतात. पोलादाला कोणाचाच स्पर्श होत नाही. या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ओहायो राज्यात तप्त पोलादी नळ्यांची जाडी कारखान्यातच अशा रीतीने मोजली जाऊ लागली.

परंतु जाडी मोजणे आणि विकृती मोजणे यांत मोठे अंतर आहे. दहा सेंटिमीटरांचे अंतर ध्वनी सतरा मायक्रोसेकंदांत तोडतो. आपल्या ५५ टनांच्या दाबाने त्यात फरक पडतो तो अवघा चौदा नॅनोसेकंदांच्या आसपास. एवढा काळ आजची उपकरणे मोजू शकतात. अडचण निराळीच आहे. रूळ तापला की तेवढ्यानेही ध्वनीचा वेग घटतो आणि ही घट ताणाच्या परिणामाला झाकून टाकू शकते. लाटताना कललेले कणही वेग बदलतात. तेव्हा हाती आलेल्या फरकातला ताणाचा वाटा कोणता, उष्णतेचा कोणता आणि लाटण्याचा कोणता, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी तापमान स्वतंत्रपणे मोजतात. निरनिराळ्या दिशांनी कंप पावणाऱ्या लहरी पाठवून त्यांची उत्तरे ताडून पाहतात. शेवटी त्याच जातीचा ताणमुक्त नमुना घेऊन त्याचा वेग प्रमाण म्हणून धरतात. पोलाद लालबुंद असते तेव्हा त्यातला ताण फार काळ टिकत नाही. तो मुरतो निवताना. म्हणून लाटताना जाडी व कणांचा आकार पाहावा आणि निवताना विकृतीकडे लक्ष द्यावे, हाच क्रम स्वाभाविक ठरतो.

विकृतिमापनाची ही पद्धत अजून बरीचशी प्रयोगशाळांतच आहे. रेल्वेमार्गावर आजही ठरावीक तापमानाला रूळ मोकळा करून, त्यातला ताण काढून, तो पुन्हा जखडण्याचे काम कष्टाळू हातच करतात. त्यांना हवे असते ते एवढेच, की हा रूळ आज कोणत्या तापमानाला ताणमुक्त आहे, हे न कापता कळावे. रूळ जखडला त्या दिवशी जो अंक वहीत लिहिला, तो पुढे तसाच राहत नाही. गाड्यांच्या धावण्याने, गतिरोधाने आणि दुरुस्तीने तो सरकत जातो. नव्या उपकरणाची खरी कसोटी तेथे आहे. मोजमाप सूक्ष्म असणे पुरेसे नाही, ते कोणत्या शून्यापासून केले हेही नक्की माहीत असावे लागते. ते शून्य हाती असेल, तरच मुनिरक्याच्या भुयारातून उन्हात येणाऱ्या गाडीखालचा रूळ निर्धास्त आहे, असे आपल्याला खात्रीने म्हणता येईल.