महाविद्यालयाच्या मैदानापासून अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत

(संस्थेच्या वार्षिक क्रीडादिनी पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रीडादिनाच्या भाषणात खेळाचे महत्त्व सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. निरोगी शरीरात निरोगी मन वसते, खेळामुळे शिस्त लागते, हे सारे खरे आहे आणि ते तुम्ही अनेकदा ऐकले आहे. आज मी ते पुन्हा सांगणार नाही. गेल्या वर्षी याच मांडवात एका पालकांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता, "सर, आमचा मुलगा रोज पहाटे उठून बास्केटबॉल खेळायला जातो. तो खेळून खेळून जाणार कुठे?" त्या वेळी घाईत मी काहीतरी उत्तर दिले. आज सविस्तर देतो. तुमच्यापैकी जे भाषण ऐकायला नाहीत आणि स्मरणिकेत वाचणार आहेत, त्यांनाही ते उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की आपल्या महाविद्यालयाचा संघ जिंकत गेला तर तो एक दिवस अखिल भारतीय स्पर्धेत उतरेल. तसे होत नाही. अमेरिकेत तसे होते. तेथे महाविद्यालयांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत प्रत्येक शिक्षणसंस्था आपल्या स्वतःच्या नावाने उतरते. २०२५ च्या पुरुषांच्या स्पर्धेत ६८ संघ होते. त्यांपैकी ३१ संघ आपापल्या गटाचे विजेतेपद मिळवून थेट आले आणि उरलेले ३७ एका निवड समितीने वर्षभराची कामगिरी पाहून घेतले. आपल्या देशात रचना वेगळी आहे. येथे महाविद्यालय विद्यापीठापर्यंतच जाते. पुढे जाते ते विद्यापीठ. आणि विद्यापीठाचा संघ म्हणजे विजेत्या महाविद्यालयाचा संघ नव्हे. तो सर्व महाविद्यालयांतून निवडलेल्या १२ खेळाडूंचा संघ असतो.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण आपल्यासारख्या लहान महाविद्यालयाची सारी आशा त्यातच आहे. आपला संघ पहिल्याच फेरीत हरला, तरी त्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी विद्यापीठाच्या संघात जाऊ शकते. आज ज्या महाविद्यालयाने तुम्हांला हरवले, त्याच महाविद्यालयाचा खेळाडू उद्या तुमच्या शेजारी उभा राहून तुम्हांला चेंडू देईल.

आता पायऱ्या एकेक करून पाहू.

पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. एकेकाळी त्याचा पसारा सबंध विदर्भभर होता. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे गोंडवाना विद्यापीठाकडे गेले आणि आता नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे उरले. या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ आपसांत खेळतात. विद्यापीठाचा क्रीडा विभाग सत्राच्या सुरुवातीस वेळापत्रक काढतो, महाविद्यालये प्रवेशिका भरतात आणि सामने बाद पद्धतीने होतात. एक पराभव झाला की संघ घरी.

दुसरी पायरी निवडीची. सामन्यांच्या वेळी निवड समिती खेळाडूंवर लक्ष ठेवते, चांगल्या मुलांना निवड चाचणीसाठी बोलावते, त्यातून काहींना सराव शिबिरात घेते आणि शेवटी १२ नावे जाहीर होतात. ज्याचे नाव त्या यादीत आले तो विद्यापीठाचा "कलर होल्डर" झाला. नागपुरात या शब्दाला काय मान आहे, हे जुन्या खेळाडूंना विचारा. पन्नाशी उलटलेला माणूसही आपली ओळख करून देताना तो शब्द विसरत नाही.

तिसरी पायरी विभागीय स्पर्धेची. १९२५ साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाचे नाव १९७३ पासून भारतीय विद्यापीठ संघ असे आहे. ही संस्था देशातील विद्यापीठांच्या स्पर्धा घेते. त्यासाठी देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे चार विभाग केलेले आहेत. आपण पश्चिम विभागात येतो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील इंदूर-ग्वाल्हेरकडील विद्यापीठांशी आपली गाठ पडते. आधी सामने बाद पद्धतीने होतात. चार संघ उरले की ते चौघे साखळी पद्धतीने एकमेकांशी खेळून आपला क्रम ठरवतात. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस पात्र ठरतात. चार विभागांचे मिळून असे १६ संघ होतात.

म्हणजे खरी कसोटी कोणत्या सामन्यात आहे ते पाहा. विभागाच्या अंतिम सामन्याची सर्वांना उत्सुकता असते, परंतु पात्रता ठरते ती उपान्त्यपूर्व फेरीत. तो एक सामना जिंकला की चौघांत जागा मिळाली आणि अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडले. तो हरला, तर आधीच्या साऱ्या विजयांचा त्या वर्षापुरता हिशेब संपला. चार डाव, प्रत्येकी १० मिनिटे. या ४० मिनिटांसाठी सहा महिने पहाटे उठायचे असते.

चौथी पायरी अखिल भारतीय स्पर्धेची आणि तिच्याही पुढे खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेची. ही नवी स्पर्धा २०२० साली भुवनेश्वर येथे प्रथम झाली. तिच्यातील सांघिक खेळांचा प्रवेश आंतरविद्यापीठ स्पर्धेतील क्रमवारीवर ठरतो. सर्व खेळांत मिळून सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठासाठी १९५६-५७ मध्ये जो फिरता चषक सुरू झाला, त्याला देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव देण्यात आले. ग्रंथांत रमलेल्या एका विद्वानाचे नाव मैदानावरील चषकाला मिळावे, यात अभ्यास आणि खेळ यांना शत्रू समजणाऱ्या पालकांसाठी बोध आहे.

इथपर्यंत रस्ता ऐकून तो सरळ वाटतो. पण या रस्त्यावर मुले अडतात कुठे? माझ्या अनुभवात मैदानावर जेवढी अडतात, त्याहून अधिक कागदावर अडतात.

एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. वडील हातगाडीवर फळे विकीत. मुलाच्या हातात चेंडू आला की समोरचा खेळाडू कोणत्या बाजूने चुकला हे त्याला कळतही नसे. बारावीच्या गुणपत्रिकेवर त्याचे नाव "मो." असे अर्धे छापलेले, महाविद्यालयाच्या नोंदीत "मोहम्मद" असे पूर्ण, आणि ओळखपत्रावर वडिलांचे नावच नव्हते. तीन कागद, तीन माणसे. पात्रता अर्ज तपासणीला गेला तेव्हा तो परत आला. प्रतिज्ञापत्र करून आणायला वेळ उरला नव्हता. तो मुलगा सामन्याच्या दिवशी सीमारेषेबाहेर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या भरीत राहिला. त्याचे ते शेवटचे वर्ष होते. पुढे तो कामाला लागला. तपासणाऱ्यांचा यात दोष नव्हता. नियम सर्वांना सारखा. दोष माझा होता. तो अर्ज मी जुलैमध्ये पाहायला हवा होता, तो शेवटच्या दिवशी पाहिला. त्या मुलाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

म्हणून पालकहो, हे चार नियम घरी लिहून ठेवा. विद्यार्थी पूर्णवेळ शिकणारा असावा आणि त्याचा अभ्यासक्रम निदान एका शैक्षणिक वर्षाचा असावा. वय १७ ते २५ च्या दरम्यान असावे. तो कोठे पूर्णवेळ नोकरीत नसावा. आणि एका वर्षात त्याने एकाच विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करावे. नियमांत वेळोवेळी बदल होतात, तेव्हा चालू वर्षाची नियमपुस्तिका क्रीडा विभागाकडून पाहून घ्यावी. अपात्र खेळाडू खेळविला तर शिक्षा त्या एकट्याला होत नाही, सबंध संघाचा निकाल जातो. नावातील फरक दिसला की त्याच दिवशी दुरुस्तीला लागा. आपल्या मुलांच्या नावात मोहम्मद, शेख, सय्यद, खान यांची जागा दर कागदावर बदलते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या पहिल्या नोंदीपासून एकच नाव ठेवले तर पुढचे दहा हेलपाटे वाचतात.

दुसरी अडचण परीक्षेची. स्पर्धांचा हंगाम आणि हिवाळी परीक्षा जवळजवळ येतात. मुलाने वेळापत्रक हाती येताच विभागप्रमुखांना भेटावे, प्रात्यक्षिके आणि अंतर्गत चाचण्या आधी उरकाव्यात. न सांगता गैरहजर राहणाऱ्या खेळाडूची बाजू कोणताही शिक्षक घेऊ शकत नाही.

तिसरी अडचण खर्चाची. ती वाटते तेवढी मोठी नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झाल्यावर प्रवास, भत्ता आणि गणवेश यांची व्यवस्था विद्यापीठ करते. पालकांना खरा खर्च येतो तो त्याआधी, चांगल्या बुटांचा आणि पोटभर खाण्याचा. बुटांची सोय संस्थेच्या क्रीडा निधीतून व्हावी, अशी मी पदाधिकाऱ्यांना याच व्यासपीठावरून विनंती करतो.

आता मुलींविषयी. मागे एका आईने मला बाजूला घेऊन विचारले, "सर, मुलगी डोके झाकते. तिला खेळू देतील का?" प्रश्न मोलाचा होता. अनेक वर्षे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत डोक्यावरील आच्छादनाला मनाई होती. २०१४ साली इंचॉन येथील आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब काढण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि सामना सोडून दिला. अमेरिकेत बिल्किस अब्दुल कादिर या मुलीने शालेय स्पर्धांत ३,००० हून अधिक गुण करून मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम केला, पुढे मेम्फिस विद्यापीठाकडून ती डोके झाकूनच खेळली. पण व्यावसायिक खेळाचे दार या नियमामुळे तिला बंद झाले. तिने आणि इतरांनी चिकाटीने मागणी लावून धरली. २०१७ साली महासंघाने नियम बदलला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आच्छादनाला परवानगी मिळाली. अट एवढीच की ते काळे, पांढरे किंवा गणवेशाच्या रंगाचे असावे, चेहरा झाकणारे नसावे आणि त्याला टाचणी वगैरे इजा करणारे काही नसावे. हात-पाय झाकणारे घट्ट कपडेही नियमात बसतात. तेव्हा ज्या मुलीला डोके झाकून खेळायचे आहे तिने तसे खेळावे, जिला तसे नको तिने तसे खेळावे. बास्केटबॉलचा नियम दोघींनाही आडवा येत नाही. नियम बदलून इतकी वर्षे झाली, तरी आपल्या घरांत जुनाच नियम चालू असेल तर तो आपण बदलायचा आहे. मुलींच्या सरावाची वेळ उजेड असेतो संपेल आणि महिला शिक्षिका सोबत राहतील, ही जबाबदारी महाविद्यालयाची.

कोणी म्हणेल, आपल्या मोहल्ल्यातून असे कोण पुढे गेले? मुंबईच्या नागपाड्याकडे पाहा. दाटीवाटीच्या त्या वस्तीत बास्केटबॉलचे मैदान होते. तेथे खेळून मोठे झालेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. जागा थोडी होती, पण ती रोज वापरली गेली.

शिक्षण सोडून खेळा, असे मी सांगत नाही. विद्यापीठाच्या संघात जाणाऱ्या १२ जणांपैकी बहुतेकांना पुढे इतर व्यवसायच करावा लागतो. विद्यापीठाच्या नियमांनुसार खेळाडूंना प्रोत्साहन गुण मिळतात, राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. कोणत्या स्पर्धेतील कोणते स्थान त्यासाठी ग्राह्य धरतात, ते शासन निर्णयात वाचून घ्यावे आणि आशा त्या मापाने ठेवावी. पण अनोळखी गावी अनोळखी संघाशी, दुसऱ्या महाविद्यालयाच्या, दुसऱ्या वस्तीच्या, दुसऱ्या भाषेच्या अकरा जणांना आपले मानून खेळलेला मुलगा घरी परततो, तेव्हा तो पूर्वीचा राहिलेला नसतो. त्या पालकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे.

शेवटी या खेळातील एक नियम सांगून थांबतो. साखळी सामन्यांत जिंकणाऱ्या संघाला २ गुण मिळतात. हरणाऱ्या संघाला शून्य मिळत नाही, १ गुण मिळतो. शून्य मिळते ते मैदानावर न उतरणाऱ्या संघाला. येत्या जुलैमध्ये प्रवेशिका निघतील. विद्यार्थी मित्रांनो, कागद घेऊन माझ्याकडे या. या वेळी मी ते पहिल्याच दिवशी पाहीन.