सर्वनामांची फसगत

मराठीची एक सुसंस्कृत संवय इंग्रजींत चकवा देते. ‘वडील आले, ते दमले आहेत’ असें म्हणणारा विद्यार्थी इंग्रजी पत्रांत वडिलांना ‘दे’ म्हणतो, आणि वाचणारा सोबतच्या मंडळींचा शोध घेऊं लागतो! इंग्रजींतील ‘यू’ हें मूळचें अनेकवचन. आदरार्थीं एकालाहि तें लावतां लावतां १७ व्या शतकांत ‘दाउ’ मागें पडलें. तृतीय पुरुषीं मात्र असा आदर रूढ झाला नाहीं. वडील कितीही पूज्य असोत, तेथें ‘ही’च लिहावें.

दुसरी फसगत अधिक गंभीर. ‘रामानें गोविंदाला आपल्या घरीं नेलें’ म्हणतांच घर रामाचें हें कळतें. ‘त्याच्या घरीं’ म्हटल्यास गोविंदाचें. इंग्रजींत दोहोंस ‘हिज’ हा एकच शब्द. साध्या पत्रांत हा घोळ हंसण्यावारी जाईल. मृत्युपत्रांत तो सख्ख्या भावांना कोर्टाची पायरी चढावयास लावील. म्हणून ‘हिज’ कोणाचा, असा किंचितहि संशय येतांच विशेषनाम पुन्हां लिहावें. पुनरुक्तीचा दोष पत्करावा. संदिग्धतेचा पत्करूं नये.