पेशवाईतील पुण्याचे चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिताना १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेपासून आरंभ करण्याची प्रथा आहे, आणि ही प्रथा इतकी रूढ झाली आहे की त्याआधी साठ-पासष्ट वर्षे पुण्यातील एका कारागिराने प्रत्यक्ष प्राणी, प्रत्यक्ष वास्तू आणि प्रत्यक्ष लेणी समोर ठेवून कागदावर चित्रे काढली होती, ही गोष्ट मराठी वाचकांच्या कानांवर क्वचितच येते. त्या चित्रकाराचे नाव गंगाराम चिंतामण तांबट. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटांचा समाज पेशव्यांच्या काळात पुण्यात स्थिरावला होता आणि कसबा पेठेतील तांबट आळी आजही त्याची साक्ष देते. या समाजाचे नाव लावणाऱ्या गंगाराम यांचे चरित्र मात्र बखरींतून नव्हे, तर त्यांच्या चित्रांतूनच वाचावे लागते.

त्या काळी पुणे दरबाराला चित्रकला अपरिचित नव्हती. शनिवारवाड्याच्या भिंती रंगविण्यासाठी जयपूरकडील भोजराज नावाच्या चित्रकाराला बोलावण्यात आले होते, तर वाईजवळच्या मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर देवादिकांची व पुराणकथांची चित्रे रंगविलेली आहेत. ही चित्रे परंपरेने ठरलेल्या घाटाची असून, पाहणाऱ्याला त्यांतील देवता ओळखता यावी हा त्यांचा हेतू होता. एखादी विशिष्ट वस्तू विशिष्ट दिवशी कशी दिसली, हे नोंदविणे हे त्यांचे काम नव्हते. गंगाराम यांनी हे दुसरे काम केले आणि त्यातच त्यांचे महत्त्व आहे.

या कामाची मागणी त्यांच्याकडे केली ती चार्ल्स वॉर मॅलेट यांनी. ईस्ट इंडिया कंपनीचा कायमचा वकील म्हणून, म्हणजेच रेसिडेंट म्हणून, ते १७८६ साली पुण्यात आले आणि १७९७ पर्यंत त्या पदावर होते. राजकारणाइतकेच देशाच्या प्राचीन वास्तूंचे, प्राण्यांचे आणि रीतिरिवाजांचे कुतूहल असलेल्या या गृहस्थाला डोळ्यांनी पाहिलेले कागदावर उतरवणारा हात हवा होता आणि तो त्यांना पुण्यातच सापडला. गंगाराम यांच्या उपलब्ध चित्रांमध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील, म्हणजे राखून ठेवलेल्या वन्य प्राण्यांच्या संग्रहातील, एका गेंड्याचे चित्र असून त्यावर नोव्हेंबर १७९० असा काळ नोंदलेला आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यांनी १५१५ साली काढलेले गेंड्याचे चित्र जगभर प्रसिद्ध आहे, पण ड्यूरर यांनी तो प्राणी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्याने केलेले वर्णन व रेखाटन यांवरून त्यांनी तो रचला होता. पुण्यातील चित्रकारापुढे जनावर जिवंत उभे होते, आणि चित्राचे मोल जाणताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

या चित्राच्या तारखेला आणखी एका कारणाने फार महत्त्व आहे. स्कॉटलंडमधील पीटरहेड या गावी १७४७ साली जन्मलेले चित्रकार जेम्स वेल्स १७९१ साली मुंबईला आणि त्यानंतरच्या वर्षी पुण्याला आले. मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने व सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा उघडण्यात आली, तिची सूत्रे वेल्स यांच्याकडे होती आणि गंगाराम हे तिचे सर्वांत नावाजलेले विद्यार्थी होते, असे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या लेखनापासून सांगितले जाते. वेल्स यांच्या सहवासात गंगाराम यांना यथादर्शनाचे, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा एकमेकींजवळ येताना दाखवून सपाट कागदावर खोली भासविण्याच्या पद्धतीचे, आणि छायाप्रकाशाने वस्तूला गोलाई देण्याच्या रीतीचे धडे मिळाले, यात शंका नाही. परंतु गेंड्याचे चित्र वेल्स यांनी हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीचे आहे. म्हणजेच हा विद्यार्थी शाळेत आला तो तयार नजर आणि तयार हात घेऊन आला होता. युरोपीय गुरूने घडविलेला एतद्देशीय शिष्य एवढीच त्यांची ओळख करून देणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

गंगाराम यांची खरी कसोटी लागली ती वेरूळला. तेथील कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकातील असून, ते दगडावर दगड रचून बांधलेले नाही. डोंगराचा कातळ माथ्याकडून खाली खोदत जाऊन, सुमारे ८२ मीटर लांब व ४६ मीटर रुंद अशा प्रांगणाच्या मध्यभागी अखंड मंदिर मोकळे केलेले आहे. अशा वास्तूचे चित्र काढू पाहणाऱ्यापुढे मोठी अडचण उभी राहते, कारण प्रांगणात उभे राहिले तर कडे इतके जवळ येतात की संपूर्ण मंदिर दृष्टीत मावत नाही, आणि कड्यावर चढून पाहिले तर शिखर व छत दिसते, पण तळाचे हत्ती आणि भिंतींवरील मूर्ती नजरेआड जातात. आतील मंडपांत तर पुरेसा उजेडही नाही. मॅलेट यांनी वेरूळच्या लेण्यांचे सविस्तर वर्णन लिहिले आणि त्यासाठी लेण्यांची व मूर्तींची चित्रे गंगाराम यांच्याकडून करवून घेतली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात हा लेख १७९९ साली प्रसिद्ध झाला. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी, लेण्यांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू होण्यापूर्वी, इंद्रसभा, जगन्नाथसभा, सुताराचे झोपडे अशा लोकांच्या तोंडी असलेल्या नावांनीच ही लेणी ओळखली जात होती, त्या काळातील हे काम आहे. त्यामुळे वेरूळच्या अभ्यासाच्या अगदी आरंभीच्या चित्रमय नोंदींत पुण्याच्या एका तांबटाचा हात आहे.

पुढे जेम्स वेल्स यांनीही वेरूळची रेखाटने केली, परंतु लेण्यांच्या चित्रणात गुंतलेले असतानाच १७९५ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात सवाई माधवरावांचेही निधन झाले होते, तेव्हा आश्रयदाता आणि शिक्षक असे दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेल्यावर शनिवारवाड्यातील शाळा टिकली नाही, हे ओघानेच आले. वेल्स यांची रेखाटने मात्र इंग्लंडला पोहोचली आणि टॉमस डॅनियल यांच्या देखरेखीखाली १८०३ साली चोवीस चित्रांचा एक भव्य संग्रह निघाला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर नावे आहेत ती वेल्स व डॅनियल यांची. युरोपात वेरूळची कीर्ती पसरवली ती प्रामुख्याने याच संग्रहाने, आणि गंगाराम यांचे आधीचे काम त्याच्या छायेत गेले.

वेरूळइतकेच लक्ष देऊन पाहावे असे त्यांचे आणखी एक चित्र पर्वतीच्या टेकडीचे आहे. पेशवे श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्यासाठी पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे मोठे आवार होते आणि दूरदूरच्या प्रांतांतून येणारा ब्रह्मवृंद तेथे जमत असे. ही दक्षिणावाटपाच्या वेळची पर्वती गंगाराम यांनी रेखाटली. बखरींतून व हिशेबाच्या कागदांतून या प्रथेची माहिती मिळते, रकमाही कळतात, पण त्या काळात पुण्यात राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना हे स्थळ कसे दिसत होते हे सांगण्याचे सामर्थ्य त्या कागदांत नाही. शनिवारवाड्यातील महाल १८२८ च्या आगीत भस्मसात झाले आणि रमण्याचा परिसरही पूर्ण पालटून गेला, हे पाहता पेशवेकालीन पुण्याची अशी समकालीन चित्रे म्हणजे इतिहासाची अस्सल साधनेच होत. ऐतिहासिक कागदपत्रांची मोडी लिपीतून लिप्यंतरे करण्यासाठी मराठी संशोधकांच्या पिढ्यांनी जन्म वेचले. तेवढ्याच आस्थेने चित्रांकडे पाहिले गेले नाही, ही उणीव मान्य करावी लागेल.

गंगाराम यांची अनेक चित्रे आज अमेरिकेतील न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. जेम्स वेल्स यांची रोजनिशीही तेथेच जतन केलेली असून, या सामग्रीच्या आधारे त्या केंद्राने २०११ साली प्रदर्शनही भरविले होते. गेंड्याच्या आणि पर्वतीच्या चित्रांच्या प्रतिमा इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. तेव्हा वेरूळवर आणि पेशवाईवर मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकांनी ही चित्रे साधन म्हणून वापरावीत, त्यांखाली चित्रकाराचे पूर्ण नाव छापावे, आणि महाराष्ट्रातील चित्रकलेच्या इतिहासाचे नवे प्रकरण १८५७ च्या मुंबईपासून नव्हे, तर १७९० च्या पुण्यापासून सुरू करावे.