भांडं हलवू नका

सत्र परीक्षा संपून होस्टेलवरची मुलं आता घरी आली असतील. दाराशी ती फुगलेली सॅक, शेजारी न धुतलेल्या कपड्यांचं बोचकं. मला एकच सांगायचंय : त्यांना झोपू द्या.

डिसेंबरातलं विरजण आठवा. मे महिन्यात रात्री विरजलं की सकाळी दही तयार. थंडीत तेच भांडं चादरीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवावं लागतं. तरी धीर कुठे असतो? झाकण काढायचं, हलवून बघायचं, चमचा घालायचा. मग होतं चोथापाणी! मुलांचंही आपण तेच करतो. आठला दार ढकलून बघायचं, नवाला पांघरूण ओढायचं.

माझी मुलगी रात्रीच्या एसटीनं आली. धुंधुरमास चालू आहे, म्हणून मी पहाटे उठून मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली, वर लोण्याचा गोळा. सूर्य उगवायच्या आत तिला हलवलं. ती पानावर बसली आणि हातातल्या घासासकट पेंगली. लोणी मनगटावरून ओघळलं. मी चिडले, तीही चिडली. मोडलं दही!

हा आळस नव्हे हो. विशीच्या आसपास शरीरातलं घड्याळच उशिरा चालतं, झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा पाझरतं. हे घड्याळ मुळात चालतं कसं, ते उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. या वयाला रोज ७ ते ९ तास झोप लागते. परीक्षेच्या दिवसांत ती कुठली मिळायला? आणि आजोबा, तुम्हाला पहाटे चारला जाग येते त्यात तुमचं कर्तृत्व काय? तेही वयाचंच.

म्हणून पुन्हा सांगते, भांडं हलवू नका. तिच्या दाराशी उभं राहून फोनवर मावशीला ‘अगं, अजून लोळतेय’ असं मोठ्यांदा सांगणं, हेही हलवणंच.

तिचा दिवस उजाडतो रात्री साडेअकराला. ओट्यावर चढून बसते, पातेल्यातली गार खिचडी तशीच खाते आणि चार महिने फोनवर न बोललेलं बोलू लागते. तेव्हा घरातलं जागं कोण राहणार, ते आधी ठरवून... स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली. एवढंच सांगते, त्या वेळी खिचडी गरम करायला उठू नका. उठलात की ती... बरं, वेळ संपली. नमस्कार.